काळ्या घोड्याजवळचा फ्लॅट आणि उत्तरेकडची खोली

काळा घोडा परिसरात एक फ्लॅट विकायला आहे. तिसरा मजला, तीन बेडरूम, तेरा फूट उंच छत, बर्मा टीकचे दरवाजे, मागणी १३ कोटी. ब्रोकरने पाठवलेल्या पीडीएफच्या पहिल्या पानावर फोटो आहे तो जहांगीर आर्ट गॅलरीचा. खाली ठळक अक्षरांत ‘मुंबईच्या आर्ट डिस्ट्रिक्टमध्ये राहा’. त्याखाली पायी काय काय गाठता येतं त्याची यादी: जहांगीर, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, डेव्हिड ससून लायब्ररी, मॅक्स म्युलर भवन. घराचे फोटो तिसऱ्या पानापासून. म्हणजे त्या १३ कोटींत या सगळ्या इमारतींचाही वाटा धरलेला आहे, आणि मला लिहायचंय ते त्या वाट्याबद्दल.

मी फोर्टात वकिली करते. कोर्टात उभं राहणं कमी, कागद वाचणं जास्त. टायटल सर्च म्हणजे मालकीची कागदोपत्री तपासणी, साठेखतं म्हणजे विक्रीआधीचे करार, खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, सोसायट्यांचं कन्व्हेयन्स म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, हे रोजचं काम. हा फ्लॅट माझ्याकडे आला तो इचलकरंजीच्या एका अशिलामुळे. सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ देण्याचा, आणि यंत्रमागांचा धंदा, नवऱ्याच्या पश्चात त्यांनी एकटीने सांभाळला आणि वाढवला. मी त्यांना काकी म्हणते. मुलगी जे. जे.ला शिकली, टेक्स्टाइल डिझाइनचं काम करते, मुंबईतच असते. काकींना मुंबईत घर हवं होतं आणि मुलीने हाच भाग धरून ठेवला होता. इमारतीचं नाव इथे लिहीत नाही, विकणाऱ्यांचंही नाही.

आधी घराबद्दल, कारण घर खरंच सुंदर आहे. इमारत १९३०च्या दशकातली. जाळीच्या दरवाजाची लिफ्ट अजून चालते. जिन्याचे कठडे गोलाईचे, पायऱ्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. आत सिमेंटच्या रंगीत फरशा, लाल-काळ्या किनारीच्या. अशा फरशा आता मुद्दाम बनवून घ्याव्या लागतात. हल्लीच्या मालकांनी स्वयंपाकघर नवं केलंय, बाथरूम नव्या केल्यात, सगळीकडे लपवलेले दिवे बसवलेत. मला आवडली ती कोपऱ्यातली खोली. तिच्या दोन्ही खिडक्या उत्तरेला. ऊन थेट आत येत नाही, पण दिवसभर एकसारखा, शांत उजेड असतो. ब्रोकर तिला ‘स्टडी’ म्हणत होता.

माझे वडील साताऱ्याला हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. चित्रकाराला उत्तरेचा उजेड का हवा असतो, हे मला त्यांच्यामुळे लहानपणीच कळलं. त्यामुळे त्या खोलीत मी खाली बघत बसले. फरशीला पॉलिश मारलंय, पण दाराच्या मागे, बिजागरीच्या बाजूला पॉलिशचं मशीन पोचत नाही. तिथे ठिपके होते. पिवळ्या मातीचा रंग, प्रशियन ब्लू, आणि भिंतीच्या कडेला पांढऱ्याचा एक फराटा, पॅलेट नाइफ पुसल्यासारखा. नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही. तेलरंग होता आणि बराच जुना होता.

हे रंग कुणाचे, याचं उत्तर कागदांत मिळालं. या फ्लॅटची फाइल जाडजूड आहे. मूळ भाडेकरूच्या पावत्या, लाल दोऱ्याने बांधलेल्या, महिना ८५ रुपये. त्यांत १९६१ सालचं एक पत्र. भाडेकरूने घरमालकाला लिहिलंय की माझे एक स्नेही चित्रकार आहेत, त्यांना कोपऱ्यातली खोली दिवसा काम करायला वापरू द्यायची आहे, भाडं घेणार नाही, तरी आपली हरकत नसावी. घरमालकाचं उत्तर त्याच पत्राच्या मागे, शाईच्या पेनाने: हरकत नाही, मात्र टर्पेंटाइनचा वास जिन्यात येता कामा नये. मी आजवर हजारो कागद चाळलेत, इतकं माणुसकीचं ना-हरकत पत्र दुसरं पाहिलेलं नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या पत्राला आज काडीची किंमत नाही, तरी काकींच्या फाइलमध्ये त्याची प्रत मी मुद्दाम लावली.

आता व्यवहाराचं. असा फ्लॅट घ्यायचा विचार करणारे आणखी लोक हे वाचत असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट क्षेत्रफळाची. पीडीएफमध्ये २,४०० चौरस फूट लिहिलं होतं. आम्ही टेप लावून मोजलं तर कार्पेट, म्हणजे आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, १,७८० भरलं. बाकीचं जिना, पॅसेज, भिंती धरून फुगवलेलं. नव्या प्रकल्पात महारेरामुळे, म्हणजे घरबांधणीवरच्या राज्याच्या नियामकामुळे, कार्पेट एरिया लिहावाच लागतो. जुन्या इमारतीतल्या रीसेलला तो धाक नाही. स्वतः मोजा, आणि करारात मोजलेला आकडाच घाला.

दुसरी गोष्ट वारसांची, आणि या भागात खरी गाठ तिथेच असते. फोर्ट, कुलाबा, चर्चगेटच्या जुन्या घरांत आजी-आजोबा राहिले, मुलं पांगली, नातवंडं परदेशात. या फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, नॉमिनी म्हणून थोरला मुलगा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगत असते. सोसायटीने कुणाशी बोलायचं याची ती सोय. हक्क सगळ्या वारसांचा. इथे एक भाऊ पुण्यात, एक टोरांटोला, एक बहीण वारलेली, तिची दोन मुलं. सगळ्यांची हक्कसोडपत्रं तरी हवीत, नाहीतर सगळ्यांनी खरेदीखतावर सह्या तरी करायला हव्यात. टोरांटोच्या भावाने पुण्याच्या भावाला कुलमुखत्यारपत्र पाठवलं. परदेशात केलेलं असं पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. भल्याभल्यांचं तिकडे लक्ष नसतं आणि नोंदणीच्या दिवशी अडतं. शिवाय विकणारा अनिवासी असेल तर त्याच्या वाट्याच्या रकमेला नेहमीचा १ टक्का टीडीएस लागू होत नाही. वेगळ्या, बऱ्याच जास्त दराने कापावा लागतो, आणि ती जबाबदारी घेणाऱ्याची. यात चूक झाली तर आयकर खातं घेणाऱ्याला धरतं.

तिसरं मुद्रांक शुल्क. मुंबईत मेट्रोचा अधिभार धरून ६ टक्के. १३ कोटींवर ७८ लाख. घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे ६५ लाख. काकींना मुलाचंही नाव घालायचं होतं. मी आकडे लिहून दाखवले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “माझ्या एकटीचंच घाला. धंदा एकटीनं केला, घरही एकटीच्या नावावर असू दे की.” सवलतीच्या १३ लाखांपेक्षा हे वाक्य मला जास्त आवडलं. नोंदणी फी मात्र या किमतीला जास्तीत जास्त ३० हजारच.

सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त २५ हजार. त्याहून जास्त मागितली तर सरकारी परिपत्रक दाखवा.

आणि इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी, तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. या इमारतीचा रिपोर्ट बरा होता: गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि मागच्या बाजूच्या दोन कॉलमची दुरुस्ती. हे हलक्यात घेऊ नये असं मी म्हणते, कारण या फ्लॅटपासून हाकेच्या अंतरावर एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून १८६०च्या दशकात इथे जोडलेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच वास्तूत. आमच्या धंद्यातल्या किती जणांची चेंबर्स तिथे होती. २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. भाडेकरू शेकड्यांनी, भाडं नाममात्र, मालकाला दुरुस्तीत रस नाही, भाडेकरूला अधिकार नाही. अशा कात्रीत या शहरातल्या कितीतरी उत्तम इमारती कुजल्या.

मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा १९४७चा. त्यात भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. पुढे १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आला आणि पागडीला, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेण्याच्या पद्धतीला, त्याने अधिकृत जागा दिली. घरमालकांवर या कायद्याने अन्याय झाला, असं मी त्यांच्या बाजूने कितीतरी वेळा लिहून दिलंय आणि ते खरंही आहे. पण तो ८५ रुपये भाड्याचा कागद हातात घेतल्यावर दुसरी बाजूही तितकीच खरी वाटते. त्या भाड्यात एक कारकून तीन खोल्यांच्या जागेत राहू शकत होता आणि त्यातली एक खोली मित्राला चित्रं काढायला फुकट देऊ शकत होता. आजच्या भावाने त्या एका खोलीची किंमत दीड कोटीच्या आसपास जाते. कुठला मित्र कुणाला ती देणार?

या भागाला कलेचा भाग म्हणतात तो उगाच नाही, आणि तो कुठल्या बिल्डरने केलेला नाही. बघायला गेलं तर इथल्या बऱ्याच महत्त्वाच्या जागा कुणीतरी लोकांसाठी दिलेल्या आहेत. डेव्हिड ससून लायब्ररीची इमारत १८७० ची; व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या आणि मागची बाग अजून आहेत, आणि २०२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार झाल्यावर ती इतकी देखणी झालीय की रस्त्यावरून जाताना मान आपोआप वर होते. सर कावसजी जहांगीर हॉल १९११ चा. त्यातच १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय भरतं. वस्तुसंग्रहालयाची वास्तू वास्तुविशारद जॉर्ज विटेटची, १९२२ मध्ये लोकांना खुली झालेली. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. कृष्ण हेब्बारांसारख्या चित्रकारांनी आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी आग्रह धरला, जहांगीर घराण्याने पैसा दिला. तिथे आत जायला आजही तिकीट नाही. हायकोर्टातला शिपाई, फाउंटनला पुस्तकं विकणारा, कॉलेजची पोरं, कुणीही घाम पुसत आत शिरतो आणि थंड हवेत चित्रं बघतो.

खुद्द काळा घोडाही इथे राहिला नव्हता. डेव्हिड ससून यांचे चिरंजीव अल्बर्ट ससून यांनी दिलेला, युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवला गेला आणि राणीच्या बागेत गेला. नाव तेवढं चिकटून राहिलं. २०१७ मध्ये स्वाराशिवायचा नवा घोडा उभा राहिला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला.

आणि माणसं. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. त्यांचं गाजलेलं प्रदर्शन १९४९ मध्ये काळ्या घोड्याजवळच्याच रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत भरलं. आज त्यांच्यापैकी काहींच्या एकेका कॅनव्हासच्या किमतीत हा फ्लॅट येईल, एखाद्याच्या किमतीत अख्खी इमारत येईल. पण त्या वेळी त्यांच्यापैकी बहुतेकांची परिस्थिती बेताची होती. कृष्णाजी हौलाजी आरा लहानपणी घर सोडून मुंबईत आले, लोकांच्या घरी कामं केली, मोटारी धुतल्या आणि चित्रं काढली. पुढे ते आर्टिस्ट्स सेंटर या चित्रकारांच्या संस्थेच्या कामात इतके गुंतले की नव्या पोरांना भिंत मिळावी म्हणून धडपडत राहिले. वडील मला आरांची गोष्ट सांगायचे ती चित्रांपेक्षा या भिंतीसाठी.

तिकडे वॉर्डन रोडला भुलाभाई देसाईंच्या बंगल्यात १९५०-६० च्या दशकांत भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. गायतोंडे, हुसेन, तय्यब मेहता हे चित्रकार तिथे नाममात्र भाड्यात काम करायचे, गच्चीवर दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींचं नाटक चालायचं, एका खोलीत रविशंकर सतार शिकवायचे. तो बंगला आज नाही. त्या जागी निवासी टॉवर आहे. कलेचा परिसर म्हणून नाव होतं, भाव चढतो, आणि ज्यांच्यामुळे नाव झालं त्यांना तिथे दारही उरत नाही, हे मुंबईने एकदा पाहिलेलं आहे.

माझं चेंबर जवळ असल्याने मी दुपारच्या सुट्टीत बरेचदा जहांगीरला जाते. तिथली प्रदर्शनं आठवड्याची, मंगळवारी बदलतात. मंगळवारी सकाळी दारात टेम्पो लागलेले असतात, पुठ्ठ्यात आणि जुन्या चादरींत गुंडाळलेल्या फ्रेम उतरवणं चाललेलं असतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नांदेड, अमरावती. जहांगीरची भिंत मिळावी म्हणून या लोकांनी कितीतरी वर्षं वाट पाहिलेली असते. गॅलरीचं भाडं, फ्रेमिंग, टेम्पो, कॅटलॉग यांत साठवलेले पैसे संपतात आणि राहायचं कुठे हा प्रश्न उरतोच. कोल्हापूरच्या कलानिकेतनात शिकलेल्या एका चित्रकाराशी माझी ओळख झाली. पन्हाळ्याच्या पायथ्याची भातखाचरं काढतो, पाऊस पडून गेल्यानंतरची. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरला, आठवडाभर रोज डोंबिवलीला मावशीकडे ये-जा केली. संध्याकाळी सात वाजता गॅलरी बंद झाली की गर्दीची लोकल, सकाळी अकराच्या आत पुन्हा हजर. बायको आणि आई उद्घाटनाला आल्या त्या त्याच रात्री परत गेल्या, कारण राहायला जागा नाही. एक मोठा गिऱ्हाईक संध्याकाळी उशिरा चित्रं बघायला येतो म्हणाला होता, तो आला तेव्हा हा लोकल पकडायला निघून गेलेला. त्या आठवड्यात याच्या भिंतीपासून पाच मिनिटांवर, या फ्लॅटमध्ये तीन खोल्या कुलूपबंद होत्या.

त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. जाहिरातीत घराची किंमत वाढवायला चित्रकार चालतो, आणि राहायला मात्र त्याने डोंबिवलीला जायचं. मला हे मान्य नाही. घर घेणाऱ्यांचा यात दोष आहे असं मी म्हणत नाही. कष्टाच्या पैशाने हवं तिथे घर घ्यावं, आणि घ्यावं तर मोकळेपणाने राहावं. पण जे विकत घेता त्यातला मोठा वाटा दुसऱ्यांनी दिलेला आहे, तेव्हा आपणही त्यात काही घालावं, एवढं मी माझ्या अशिलांना स्पष्ट सांगते.

परिसर बदलतोय हेही खरं. जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ मध्ये बंद झालं, ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये. दुपारी हजार रुपयांच्या आत दोघांनी बसून बोलावं अशा जागा कमी झाल्या. फुटपाथवर चित्रं लावणारे मात्र टिकून आहेत आणि त्यांना हलवू नये असं मला मनापासून वाटतं. आता हायकोर्ट वांद्रे पूर्वेला जाणार, नव्या संकुलाचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं. ते गेलं की आमची वकिलांची चेंबर्सही हळूहळू जातील, आणि फोर्टातल्या या जुन्या मजल्यांवर अशीच आलिशान घरं होतील. भूमिगत मेट्रो २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, हुतात्मा चौकाचं स्टेशन इथून चालत. भाव खाली येणार नाहीत.

घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९९५ पासून मुंबईत वारसा वास्तूंचे नियम आहेत, आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. इमारत वारसा यादीत असेल तर खिडकीची लाकडी चौकट काढून स्लायडिंग काच बसवणं, दर्शनी भिंतीवर एसीचे डबे टांगणं, बाल्कनी बंद करणं हे परवानगीशिवाय चालत नाही. चालू नयेच. याच खिडक्यांसाठी तुम्ही पैसे मोजताय. दुसरी गोष्ट काळा घोडा महोत्सवाची. १९९९ पासून दरवर्षी साधारण जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत नऊ दिवस इथे जत्रा भरते. रस्ते बंद, गाडी घरापर्यंत येत नाही, रात्री उशिरापर्यंत गाणं. ज्यांना हा आवाज सोसणार नाही त्यांनी इथे घर घेऊच नये. घ्यायचं आणि मग महोत्सवाविरुद्ध अर्ज करायचे, असल्या कामाचं वकीलपत्र मी घेत नाही. या महोत्सवातून आलेला पैसा परिसराच्या जतनासाठी वापरला जातो आणि त्याचा फायदा इथल्या प्रत्येक घराला मिळतो.

आता काकींचं. सर्च रिपोर्ट दिला, वारसांचे कागद जुळले, तेव्हा मी त्यांना त्या खोलीत पुन्हा घेऊन गेले आणि दारामागचे ठिपके दाखवले, ते पत्र वाचून दाखवलं. मुलगी गुडघ्यावर बसून फरशीवरून बोट फिरवत होती. मी म्हटलं, “काकी, वर्षातले बरेच महिने तुम्ही इचलकरंजीलाच असणार. ताईला दोन खोल्या पुरतात. जहांगीरला ज्यांचं प्रदर्शन असेल अशा बाहेरगावच्या चित्रकाराला आठवडाभर ही खोली द्याल का? भाडं न घेता, पाहुणा म्हणून.”

काकींनी लगेच हो म्हटलं नाही. धंदा करणारी बाई, आधी सगळे प्रश्न विचारले. सोसायटी काय म्हणेल? माणूस कसला येईल, कोण सांगणार? कुणी उठायलाच तयार झालं नाही तर? सगळे प्रश्न रास्त. उत्तरं मी त्यांना लेखी दिली. भाडं घेतलं की लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावा लागतो. पाहुण्याकडून पैसा घ्यायचा नाही, कुठल्याही रूपाने नाही, अगदी चित्रसुद्धा नाही. कोण येणार, कधी येणार, कधी जाणार हे सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी लेखी कळवायचं. ओळखपत्राची प्रत आणि प्रदर्शनाच्या तारखांचं पत्र घ्यायचं. खोलीची किल्ली द्यायची, फ्लॅटच्या मुख्य दाराची नाही. दार उघडायला मुलगी किंवा घरकामाच्या मावशी असतील त्याच आठवड्यांत पाहुणा ठेवायचा. मुक्काम सोमवारी प्रदर्शन उतरलं की मंगळवारी सकाळी संपणार, असं पाहुण्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं.

काकींनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, “आमच्याकडं कापडाचा व्यापारी आला तर त्याला लॉजवर पाठवत न्हाई आम्ही. वरच्या माडीवर राहतोय. ह्यो तर चित्रं काढणारा माणूस.”

गेल्या आठवड्यात मराठी आणि इंग्रजी पेपरांत जाहीर नोटीस दिली, चौदा दिवसांची मुदत. हरकत आली नाही तर साठेखत या महिन्याअखेर होईल. सोसायटीच्या कमिटीसाठी मी पत्राचा मसुदा केलाय. त्यात १९६१ च्या त्या पत्राची प्रत जोडली आहे, आणि टर्पेंटाइनबद्दलची अट जशीच्या तशी घातली आहे. कमिटीत सात जण आहेत, त्यातल्या दोघांशी बोलणं झालंय. एकांचं म्हणणं, आधी वर्षभर करून बघू. दुसऱ्या आजी त्या इमारतीत जन्मलेल्या, त्यांनी मला विचारलं की त्या चित्रकाराला चहा कोण देणार, कारण पूर्वी त्यांची आई द्यायची. इतर इमारतींत कुणाला असं काही करायचं असेल तर मसुदा माझ्याकडे आहे. मागा, पाठवते, फी नाही.